आरपार दगड

तेरणेच्या काठच्या गावांना भिंतीची भीती कधी वाटली नव्हती. भीती होती ती उन्हाची आणि चोराची. म्हणून पिढ्यान् पिढ्या त्यांनी भिंती जाड केल्या. काळा दगड, मातीत बसवलेला, दोन-दोन अडीच-अडीच फूट रुंद. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया आणि वर माळवद. दरसाल मृगाच्या आधी या माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडे. आज्यानं टाकला, बापानं टाकला, नातवानं टाकला. जुना थर उतरवावा असं कुणाच्या मनात आलं नाही. मे महिन्याच्या दुपारी अशा घराचा उंबरा ओलांडला की अंगावर गारवा येई, आणि तो गारवा म्हणजेच आपल्या बापजाद्यांचं शहाणपण, अशी गावाची समजूत होती. तशी ती खोटीही नव्हती.

अक्का सोळाव्या वर्षी अशाच एका सात खणी घरात सून म्हणून आली. अक्का हे कथेतलं माणूस आहे. तिच्या भोवती जे घडलं ते मात्र लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत खरोखर घडलेलं आहे, आणि तिच्यासारख्या बायका त्या मुलखात अजून भेटतात.

तुळजाभवानी ही तिच्या घरची कुलस्वामिनी. दर नवरात्रात वावरातली काळी माती पाटीभर आणायची, पत्रावळीवर पसरायची, मधोमध घट ठेवायचा, भोवती सात धान्यं पेरायची. नवव्या दिवशी वीतभर वाढलेले पिवळे-हिरवे कोंब पाहून सासू म्हणायची, "माय पावली." अक्काही तेच म्हणायला शिकली. तिची श्रद्धा रोज तपासून बघावी लागणारी नव्हती. सकाळी चूल पेटते तशीच ती होती.

१९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या परिसरात जमीन गुरगुरू लागली. ऑक्टोबरात एक मोठा धक्का बसला, भिंतींना तडे गेले, आणि लोक बिछाने घेऊन अंगणात आले. मग हादरे विरळ झाले. थंडी आली, सुगी आली. माणूस किती दिवस उघड्यावर झोपेल? एकेक बिछाना पुन्हा आत गेला. दख्खनचं पठार म्हणजे एकसंध कातळ, इथं मोठा भूकंप व्हायचा नाही, असं तेव्हा जाणकारही मानत होते.

पुढच्या वर्षी गणपती विसर्जनाची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालली. अक्काचा मालक आणि थोरला मुलगा गुलालानं माखून घरी आले, भाकरीचे चार घास खाल्ले आणि आडवे झाले. सूनही दमली होती. दहा महिन्यांच्या नातवाला दात येत होते आणि तो झोपू देत नव्हता. सुनेला जरा डोळा लागू दे म्हणून अक्का त्याला घेऊन अंगणातल्या बाजेवर गेली. थोपटता थोपटता तिचाही डोळा लागला.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं.

त्या पहाटे जवळजवळ आठ हजार माणसं गेली. अक्काच्या घरातली तीन. घराची बाहेरची भिंत बाजेपासून दोन हातांवर कोसळली. बाजेला दगड लागला नाही. बाळाला खरचटलंही नाही.

पुढच्या दिवसांबद्दल फार लिहू नये असं मला वाटतं. पाऊस लागला होता. जवान हातांनी दगड उपसत होते. इतक्या चितांना लाकूड कुठून आणायचं हा प्रश्न होता, आणि घराघरांतून निघालेल्या तुळया-खांबच अखेर त्या कामी आले. ज्यांनी ती लाकडं घराला लावली होती, त्यांच्यासाठीच ती जळली.

तिसऱ्या दिवशी अक्काचा भाऊ आला आणि तिला आणि बाळाला माहेरी घेऊन गेला.

माहेरचं गाव तसं लांब होतं. तिथं घरांना तडे गेले होते, दोन-चार गोठे बसले होते, पण गाव उभं होतं. भावाचं घरही उभं होतं: तीच दगडमातीची भिंत, तेच माळवद. अक्का दारापर्यंत गेली, वर पाहिलं आणि मागे फिरली. अंगणाच्या कडेला जनावरांसाठी चार पत्र्यांचं छप्पर होतं. तिथं तिनं बाळाला घेऊन पथारी टाकली. भावानं हात जोडले, वहिनी रडली, पण अक्का आत गेली नाही. थंडीत तिनं गोणपाटं बांधली. पावसाळ्यात पत्र्यावर इतका आवाज होई की बाळ दचकून उठे, तेव्हा ती त्याला सांगे, "वाजू दे. वाजतंय ते पडत नाही."

भूकंपानंतर साधारण पंधरवड्यानं नवरात्र आलं. वहिनीनं आत घट मांडला आणि छपराशी येऊन हळूच म्हणाली, "अक्का, नुसतं दर्शनाला तरी या."

"वैनी, मला बोलावू नका. त्या मातीनं माझी तीन माणसं गिळली. तिच्यातच धान पेरू का आता? तिला माय म्हणू?"

भाऊ मागेच उभा होता. तो म्हणाला, "असं बोलू नये. देवीचा कोप होईल."

"कोपायला आता काय राहिलंय माझ्यापाशी?" असं ती बोलून गेली मात्र, तिची नजर मांडीवरच्या बाळाकडे गेली आणि तिनं झटकन स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. त्या रात्री ती झोपली नाही. देव आहे असं म्हणवत नव्हतं आणि नाही असं म्हणायचं धाडस होत नव्हतं. ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यापेक्षा ज्यांचं एक राहिलं त्यांचे हाल वेगळे असतात.

सांत्वनाला माणसं येत. बहुतेक जण नुसते बसून जात, आणि त्यांचं बसणंच बरं वाटे. पण एक बुवा आले. गावात पाप वाढलं होतं, त्याचं हे फळ, असं त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. अक्कानं विचारलं, "माझ्या सुनेनं काय पाप केलं होतं? एकोणीस वर्षांची होती." बुवा म्हणाले, मागच्या जन्मीचं असेल.

दुःखात बुडालेल्या माणसाला त्याच्याच दुःखाचा हिशेब समजावणं यासारखी क्रूरता नाही, आणि ती बहुधा धर्माच्या नावानं आणि मऊ आवाजात केली जाते. अक्कानं त्यांना पाणी दिलं आणि ती उठून गुरांचं शेण भरायला गेली. त्यानंतर दोन वर्षं तिच्या तोंडून देवाचं नाव निघालं नाही. एकच शब्द तिच्या मनात घोळत राहिला: कामून? का म्हणून? भाकरी थापताना, धुणं बडवताना, रात्री पत्र्याकडे बघत पडल्यावर. कामून?

एक गोष्ट मात्र तिला लागली होती, आणि गावातली पोरं तिची त्यावरून नक्कल करत. ती रस्त्यानं जाताना माणसांकडे बघत नसे, भिंतींकडे बघे. कुणाची भिंत पोटात फुगली आहे, कुणाच्या कोपऱ्यात चीर वाढली आहे, कुणाची तुळई खांबावरून सरकली आहे, सगळं तिला पाठ झालं होतं. वहिनीला ते वेड वाटे.

पार जमीनदोस्त झालेली बावन्न गावं सरकार नव्या जागेवर वसवत होतं. बाकी हजारो घरं अशी होती की ती पडली नव्हती, पण पुढच्या हादऱ्यात पडली असती. त्यांची दुरुस्ती आणि मजबुती करण्यासाठी अनुदान आलं. ते हप्त्याहप्त्यानं मिळायचं, काम बघून. पण घरमालक कागदात अडकलेला, इंजिनिअर जीपमध्ये, आणि दोघांच्या मधे कुणी नाही. तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांकडे हे काम द्यावं असं ठरलं. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं या बायकांना शिकवलं आणि त्यांना नाव मिळालं 'संवाद सहायक'. ज्या बायका सासऱ्यासमोर पदर सावरून बोलत, त्यांनी आता गवंड्याला सिमेंट-वाळूचं प्रमाण विचारायचं होतं.

मंडळाच्या बैठकीत नावं काढताना सगळ्या गप्प बसल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "अख्ख्या गावात भिंतीकडं बघणारी ही एकटीच हाय. हिलाच घाला."

अक्का नको म्हणाली. विधवा बाई, भावाच्या दारात राहणारी, तिनं लोकांच्या घरांत शिरून चार शब्द सांगायचे? शिवाय माळवदाखाली तर ती पाऊलही टाकत नव्हती. पण म्हातारी हटली नाही. "आत जाऊ नको. बाहेरूनच बघ."

शिकवणीचा पहिला दिवस एका अर्धवट पडलेल्या वाड्यापाशी होता. तरुण इंजिनिअरनं बायकांना भिंतीच्या कापाशी नेलं. एरवी कधी दिसत नाही ते तिथं उघडं पडलं होतं.

"ही भिंत किती?" त्यानं विचारलं.

"एक," बायका म्हणाल्या.

"नीट बघा. दोन आहेत. ही बाहेरची आणि ही आतली. मधे काय आहे? कपच्या, चुरा, माती. या दोघींना धरून ठेवणारा एकही दगड नाही. लांबट दगड आडवा घालून भिंतीच्या आरपार न्यायला हवा होता, म्हणजे त्यानं दोन्ही बाजू धरल्या असत्या. तो नव्हता. जमीन हलली तशी बाहेरची भिंत बाहेर गेली, आतली आत गेली, आणि वरची मातीची रास खाली आली."

अक्का पुढे झाली. तिनं त्या चुऱ्यात हात घातला. माती मुठीत आली आणि कपच्या घरंगळल्या. बाहेरची बाहेर गेली: ती बाजेपासून दोन हातांवर पडली होती. आतली आत गेली.

दोन वर्षं जो शब्द ती छातीत घेऊन फिरत होती, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा असं उत्तर मिळालं ज्यात कुणाचं पाप नव्हतं. तिच्या सुनेचं नव्हतं, मालकाचं नव्हतं, गावाचं नव्हतं. एक दगड आडवा घालायचा राहून गेला होता. बाळाला त्याच रात्री दात का येत होते आणि ती त्याच रात्री अंगणात का गेली, याचं उत्तर इंजिनिअरकडे नव्हतं, ते कुणाकडेच नाही. पण अर्धा प्रश्न सुटला की उरलेला अर्धा घेऊन माणूस चालू शकतो. ती तिथंच मातीत बसली आणि इतक्या दिवसांत प्रथमच मोठ्यानं रडली. बायका भोवती बसून राहिल्या. इंजिनिअर जीपपाशी जाऊन उभा राहिला.

मग ती कामाला लागली. उभी भिंत न पाडता तिला आरपार दगड कसा द्यायचा ते तिनं शिकून घेतलं. दोन्ही बाजूंचा एकेक दगड अलगद काढायचा, मधला चुरा काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. मग हात-दोन हातांवर पुढचं. वरच्या बाजूला घराभोवती जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा फिरवायचा, घराला कंबरपट्टा बांधल्यासारखा. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरका टेकू द्यायचा. आणि माळवदावरची माती उतरवायची.

मातीपाशीच घोडं अडे. भिंतीत सळई घालायला लोक तयार होते, माती काढायला नव्हते. उन्हाळ्यात भाजून निघू, पावसात गळेल, बापजाद्यांनी टाकलेली आहे. गावातले एक आजोबा तर बाज टाकून दारात बसले.

"आमच्या चार पिढ्या ह्या मातीखाली निजल्या," ते म्हणाले. "देवाच्या मनात असंल तर पडंल. देवापुढं तुझं फावडं काय करणार माय?"

अक्का पायरीवर बसली. थोडा वेळ काही बोलली नाही.

"आजोबा, देवाचं देव बघंल. माती देवानं टाकली नव्हती. आपण टाकली, आपणच काढायची."

"तुझं घर पडलं म्हणून तुला समद्यांचीच घरं पडताना दिसतात."

"व्हय. दिसतात," अक्का म्हणाली. "म्हणून तर आले."

आजोबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि बाज बाजूला ओढली. शिडी लावली गेली. पहिलं फावडं अक्कानं मारलं. वरची माती दगडासारखी घट्ट होती, खाली पोकळ आणि कोरडी. पाट्यांमागून पाट्या खाली आल्या आणि संध्याकाळपर्यंत दारात मातीचा ढीग माणसाच्या उंचीएवढा झाला. आजोबा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले. "एवढं ओझं व्हतं व्हय डोस्क्यावर?" इतकंच म्हणाले.

सगळ्यांनी ऐकलं असं नाही. कुणी अनुदानातून विटांची नवी खोली बांधली आणि जुनं घर तसंच ठेवलं, कुणी पैसे लग्नात घातले. गवंडी सळईत चोरी करत, आणि अक्का काठीनं भोकांमधलं अंतर मोजून त्यांना परत फोडायला लावी. शिव्या खाई. ज्या बाईला पोरं वेडी म्हणत, तिला आता लोक घराचा पाया काढायच्या आधी बोलावू लागले.

भावाच्या घराचं काम शेवटी आलं. शेवटच्या भोकात काँक्रीट भरलं गेलं तेव्हा उन्हं उतरली होती. गवंडी हात धुऊन गेले. अक्का भिंतीवरून तळवा फिरवत चारी बाजूंनी हिंडली, एकेका जागी थांबली. मग छपरातली पथारी गुंडाळली, नातवाचं बोट धरलं आणि उंबरा ओलांडून आत गेली. वहिनी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं आणि काही न बोलता परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.

अक्काला मग नव्या गावठाणात तिचं स्वतःचं घर मिळालं. नातू शाळेत जाऊ लागला. नवरात्रात मात्र घरात घट बसत नव्हता, आणि ती बाई इतकी कामाची झाली होती की कुणी विचारायलाही धजत नव्हतं.

२६ जानेवारी २००१. नातू झेंडावंदन करून, हातात खाऊचा पुडा घेऊन घरी आला. दुपारी रेडिओवर बातमी आली. सकाळी पावणेनऊच्या सुमाराला कच्छ हादरलं होतं. भुज, भचाऊ, अंजार, रापर. अंजारच्या गल्लीतून प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली शाळकरी मुलं ढिगाऱ्याखाली गेली होती. अक्कानं नातवाच्या छातीवरचा कागदी झेंडा पाहिला आणि तिचे हातपाय कापायला लागले. रात्री ती पुन्हा अंगणात झोपली.

कच्छला जायला लातूरकडच्या बायका निघाल्या तेव्हा अक्का त्यांच्यात होती. निघताना भाऊ म्हणाला, "आता कुठं घडी बसलीय. ते दुःख परत बघायला कशाला जातीस?" तिला नीट उत्तर देता आलं नाही. "त्यांना भिंत दाखवायची हाय," इतकंच ती म्हणाली.

भचाऊकडच्या एका गावात त्या उतरल्या. मुलूख उघडा, वाऱ्याचा. पण ढिगारा तोच. दगड, माती, मोडलेली कौलं, मधूनच एखादं पितळेचं भांडं. प्लास्टिकच्या कापडाखाली बायका बसल्या होत्या. त्यांतली एक, अक्कापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, ढिगाऱ्याकडे पाठ करून बसली होती आणि काही खात नव्हती. लोकांनी सांगितलं, दोन मुलं गेली.

अक्का तिच्याशेजारी जाऊन बसली. बोलली नाही. बोलायला दोघींना एक भाषाही नव्हती, मोडकी हिंदी तेवढी. दुपार झाली तशी अक्का उठली आणि तीन दगडांच्या चुलीपाशी गेली. बाजरीचं पीठ घेतलं, पाणी घातलं, भाकरी थापू लागली. ज्वारीचा हात, बाजरी काही वळेना. कडा फाटू लागल्या. त्या बाईनं मान वळवून पाहिलं. दुसरी फाटली तेव्हा ती उठली, अक्काच्या हातातला गोळा घेतला आणि दोन्ही तळव्यांमध्ये फिरवत जाड, गोल रोटला घडवून तव्यावर टाकला. तो भाजून झाल्यावर अक्कानं त्याचे दोन तुकडे केले. दोघींनी खाल्ला.

रात्री शेकोटीपाशी त्या बाईनं खुणेनं विचारलं: तुझे? अक्कानं तीन बोटं वर केली. मग किल्लारी, पहाट, गणपती असे शब्द जुळवत तिनं सगळं सांगितलं. छपराबद्दल सांगितलं, दोन वर्षं आत गेले नाही हेही सांगितलं. धीर धर, सगळं ठीक होईल, असलं काही ती म्हणाली नाही. सात वर्षांनीही गणपतीचे ढोल वाजले की आपण कानात बोटं घालतो, हेही तिनं लपवलं नाही. ती बाई ऐकत राहिली. तिच्यासमोर एक बाई बसली होती जिचं हेच झालं होतं आणि जी त्याच दुपारी दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी थापत होती.

मग ती म्हणाली, "तमे माताजीने मानो छो?"

आशापुरा माता ही कच्छची देवी. 'माताजी' आणि 'मानो' एवढे दोन शब्द अक्काला समजले. सात वर्षं भावानं, वहिनीनं, कुणीही हे विचारलं असतं तर ती गप्प राहिली असती किंवा भांडली असती. पण समोरच्या बाईच्या डोळ्यांत वाद नव्हता. बुडणारं माणूस काठावरच्याला विचारतं, इथं पाय टेकतात का, तसं ते विचारणं होतं.

"मानते," अक्का म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिचा तिलाच तो ऐकू आला. ती खोटं बोलली नव्हती. कधी परत आलं हे, तिला सांगता आलं नसतं. माळवदावर पहिलं फावडं मारलं तेव्हा असेल, पायरीवर त्या आजोबांसमोर बसली तेव्हा असेल, नाहीतर आत्ता, हा रोटला मोडताना. घर वाचवणाऱ्या देवीवरची तिची जुनी श्रद्धा त्या पहाटेच गेली होती, ती परत आलीच नाही. ही दुसरी होती. हिच्यापाशी मागणं नव्हतं. घर पडल्यावरही माणूस माणसाशेजारी येऊन बसतो, आणि त्याला ती ताकद कुठून तरी मिळते, एवढंच हिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी अक्कानं त्या बाईला उठवलं आणि अर्ध्या पडलेल्या एका भिंतीपाशी नेलं. "देख," ती म्हणाली, "दीवार कितनी?"

"एक."

"नीट देख. दो."

पुढचे दिवस त्या गावातून या गावात जाण्यात गेले. बन्नीकडची हलक्या छपराची मातीची गोल घरं, तिथले 'भुंगे', कितीतरी ठिकाणी उभीच राहिली होती. अक्कानं ते ऐकलं आणि म्हणाली, तुमच्या आज्यांना समदं ठाऊक व्हतं.

त्या वर्षी नवरात्राच्या आदल्या दिवशी ती पाटी घेऊन वावरात गेली. नातू बरोबर होता. काळी माती चाळून घेताना त्यानं विचारलं, "आजी, ह्याच मातीखाली आजोबा गेले ना?"

"व्हय."

"मग हिच्यात पेरायचं कामून?"

अक्कानं मातीतला एक खडा काढून बाजूला टाकला. "कारण उगवतंय हिच्यातच, बाळा," ती म्हणाली आणि पाटीचं एक टोक त्याच्या हाती दिलं. जड होती ती. दोघं मिळून घरी घेऊन आले. वहिनी मुद्दाम गावाहून आली होती. घट बसला तेव्हा तिनं अक्काच्या कपाळाला हळद लावली. विधवेला लावायची नसते म्हणून दाराशी कुजबूज झाली. वहिनीनं कुणाकडे लक्ष दिलं नाही.

दिवाळीनंतर एक कार्ड आलं. वर पत्ता इंग्रजीत, आत सगळी गुजराती अक्षरं. गावात कुणाला वाचता येईना. शाळेतल्या गुरुजींनी अर्धे शब्द लावून पाहिले आणि सोडून दिलं. अक्का तूर घालायला लातूरच्या बाजारात गेली, तेव्हा आडतीवर बसणाऱ्या एका गुजराती शेटजींपुढं तिनं ते कार्ड ठेवलं.

शेटजींनी चष्मा लावला आणि मराठीत सांगू लागले. "लिहिलंय की, बहन, राम राम. आमच्या घराचं काम चालू झालं. भिंत कंबरेएवढी आली आहे. गवंडी आरपार दगड लांब लांब अंतरानं घालत होता, म्हणत होता इतकं चालतं. मी काठी घेऊन मोजलं. मग सगळी भिंत उतरवायला लावली." शेटजींनी कार्डावरून वर पाहिलं. "गवंडी दोन दिवस रुसून घरी बसला म्हणे. तिसऱ्या दिवशी आला. आता गावातल्या बायका मला बोलावतात. कोपऱ्यात सळई किती ठेवायची ते मी विसरले, कळव."

अक्कानं कनवटीला लावलेले पैसे काढून शेटजींच्या पोऱ्याला नवं कार्ड आणायला पाठवलं आणि पोत्यावर बैठक मारली.

"लिहा शेटजी," ती म्हणाली. "आधी सळईचं लिहा. मग विचारा, जेवतीस का वेळच्या वेळी."